मी नव्हे, माझा पंप बिघडला होता!

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी खुशाल म्हणा, पण भंगार म्हणाल तर खबरदार!

पंचवीस वर्षं मी आलापल्लीहून जंगलातल्या गावांना फेऱ्या मारते आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात माझ्यात वीस-वीस माणसं कोंबली, टपावर पोती चढवली, तरी मी हूं की चूं केलं नाही. माझे मालक आणि ड्रायव्हर एकच, सोमाजीभाऊ. मला ते कौतुकानं 'राणी' म्हणायचे. लोक फार लवकर विसरतात हो!

गेल्या डिसेंबरात मी सकाळच्या गारठ्यात चढावर बंद पडू लागले. दुपारी मात्र ठणठणीत. आठवड्यात चारदा मला ढकलत नेलं, शेवटी तर मी दुपारीही सुरू होईना. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. म्हणे म्हातारी झाली, म्हणे इंजिन गेलं! सोमाजीभाऊंनीही हाय खाल्ली आणि भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगून टाकलं. माझं बोनेटसुद्धा न उघडता! असा संताप आला मला.

त्यांची बायको नीलाबाई मात्र हट्टाला पेटली. तिनं गॅरेजवाल्या नंदिनीला बोलावलं. नंदिनीनं स्वच्छ डिझेलचा डबा माझ्या डोक्यावरच्या झाडाच्या फांदीला टांगला आणि पंप वगळून नळी थेट इंजिनाला जोडली. डिझेल वरून आपोआप उतरलं. तिनं सेल्फ मारला आणि पहिल्याच दणक्यात मी धडधडले!

"जीप मेली नाई, सोमाजीभाऊ," ती म्हणाली. "टाकीतलं डिझेल ओढते ना, तो पंप मेला."

तिनं पंप खोलला. आत तुपासारखं काहीतरी थिजलेलं. तिनं ते हुंगलं आणि डिझेल कशात ठेवता, असं विचारलं. सोमाजीभाऊंचा चेहरा पडला. आमच्या जंगलातल्या गावात पेट्रोल पंप नाही, म्हणून ते डिझेल कॅनमध्ये भरून ठेवत. जुना कॅन फुटला, तेव्हा त्यांनी घरातला मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा कॅन घेतला, तोही तळाला तेल असताना. ते तेल थंडीत थिजतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्यानं डिझेल गाळायची जाळी तुंबली, आणि बिचारा पंप ओढून ओढून झिजला.

शनिवारी सकाळच्या एसटीनं चंद्रपूरहून नवा पंप आला. नंदिनीनं टाकी धुतली, जाळी बदलली, पंप बसवला, नळीतली हवा काढली. तेवढ्यात भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. सगळं गाव बघत होतं. सोमाजीभाऊंनी सेल्फ मारला आणि मी मुद्दाम जोरात गरजले. भंगारवाला दचकून मागे सरला.

"विकाची नाई," सोमाजीभाऊ त्याला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "जीप नाई बिघडली. म्याच बिघडवली तिले."

मित्रांनो, चालता चालता कुणी थांबलं, तर त्याला म्हातारं ठरवण्याआधी जरा बघा, त्याच्या पोटात आपण काय घातलं होतं.