गुडघ्यांमधली उशी

दचकू नका, मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, गुडघ्यांमधली. माझ्यासारखी दुसरी उशी साऱ्या वऱ्हाडात नाही. असेल तर तिनं पुढं यावं.

माझा जन्म अकोटचा. काळ्या जमिनीतला पांढराशुभ्र कापूस, गोदाबाईंच्या जुन्या लुगड्याची खोळ, आणि टाके असे घट्ट, की मेळघाटातला वाघ मला फाडायला आला असता तर दात मोडून परत गेला असता.

त्या साली समुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांची अशी रीघ, की पहिली गाडी बाजारात पोचली तरी शेवटच्या गाडीचे बैल अकोटातच रवंथ करत असायचे. लोकांनी शेतातला कापूस विकला, मग गाद्या उसवल्या, रजया उसवल्या. देवापुढची वातसुद्धा केसाएवढी झाली. गोदाबाईंचा मुलगा शेषराव तर घरभर कात्री घेऊनच फिरायचा.

त्याची बायको जयवंता तेव्हा नुकती बाळंत झाली होती. लेक गुटगुटीत, पण आईच्या कंबरेखाली, मागच्या सांध्यांत अशी कळ, की कूस बदलताना ती ओरडायची. एका पायावर भार आला की तोल जायचा. पाळण्यातली लेक वाकून उचलता येत नव्हती. लेक रडली की तिच्याकडे बघत आईही रडायची.

शेषरावनं चांदूर बाजारहून पायाळू माणूस आणला. पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला. त्याची लाथ बसली की कंबरेची उसण पळते, हा साऱ्या मुलखाचा भरवसा. लाथ बसली. उसण पळाली नाही, पायाळू मात्र पळाला. कारण जयवंतानं पालथं पडल्या पडल्या त्याला जे ऐकवलं, ते मी चारचौघांत सांगू शकत नाही.

मग गोदाबाईच जमिनीवर उताण्या झाल्या. "शेषरावच्या वक्ताले मलेबी असंच झालं होतं. पाह्य, पावलं जमिनीवर, गुडघे उभे, मधात उशी. श्वास सोडत दाब, हळूच सोड. मंग ढुंगण जरासं उचल."

"आत्याबाई, कोणी पाह्यलं तं?"

"पाहू दे! त्याची कंबर दुखून राहिली का? अन् आयक, कळ आली का थांबजो. जोर नाही कराचा, रोज कराचं."

पहिल्यांदा तिनं मला दाबलं तेव्हा अंगावर चिमणी बसली की काय असं वाटलं. संक्रांतीपर्यंत ती अशी दाबू लागली, की माझ्यातली चुकून राहिलेली सरकी फुटून तेल निघेल! (थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.)

आणि एका सकाळी दारात व्यापाऱ्याची गाडी उभी राहिली. शेषरावची कात्री माझ्या शिवणीत घुसली. वाघाला न उसवणारा टाका तुटला.

"ठेवा थे," जमिनीवर बसलेली जयवंता म्हणाली.

"अवं, उशीच तं आहे! काहून चिल्लावून राहिली?"

जयवंता उठली. भिंत धरली नाही, जमिनीवर हात टेकला नाही. एक पाय रोवला, दुसरा सरळ केला, आणि मला त्याच्या हातातून ओढून काखेत मारलं. मग पाळण्याशी गेली, गुडघे वाकवले आणि लेक उचलली. व्यापाऱ्याचे बैल रवंथ करायचे थांबले, आईशप्पथ.

"तू… उठली कशी?"

"जे विकाले चालले, त्याच्यानंच."

पुढं लढाई संपली, भाव कोसळला. आता मी चपटी झालेय, पोटात गोळे झालेत. पण कापूस काढला म्हणून नाही, रोज दाबून दाबून. गल्लीतल्या बायका मला ओळीनं मागून नेतात. तुम्हालाही सांगते, माझ्यावर डोकं ठेवून कण्हत पडू नका. दुखण्याला खाटेवर निजवलं, की ते घरजावई होऊन बसतं.

बरं, निरोप घेते. शेतात कापसाचा गठ्ठा उचलताना शेषरावची कंबर धरलीय. तो उताणा झालाय, गुडघे उभे केलेत, मला मधात घेतलंय, आणि जयवंता लेकीला कडेवर घेऊन दारातून ओरडतेय, "श्वास सोडा म्हटलं नं! माह्याकडे काय पाहून राहिले? दाबा!"