त्रेचाळीस हजारांचा फरक

बावन्न वर्षांच्या बाईला ट्रेनिंगला पाठवायचं, ही आमच्या आलोकजींची आयडिया. रिछाईच्या औद्योगिक वस्तीत त्यांचा पाइपचा कारखाना आहे, आणि मी, कुंदा, तिथले हिशेब बावीस वर्षांपासून पाहते. एका मोठ्या कंपनीनं आमच्यात पैसा घातला, म्हणून आता ताळेबंद नव्या नियमांनी हवा. "दीदी, सदर के होटल में तीन दिन की क्लास है. रोज लंच में दो लाइन भेजना, क्या सीखा." झालं, मागे एक झेंगट लागलं.

पहिल्या दिवसापासून भोवती सगळी पंचविशीतली पोरं, लॅपटॉप बडवून राहिलेली. मी आपली वही घेऊन बसलेली. शेवटच्या दिवशीच्या परीक्षेत माझं हसं झालं तर माझी खुर्ची यांच्यातल्याच कोणाला जाईल, हे कळायला काही क्लास लागत नाही.

त्यात शालिग्रामचे फोन. शालिग्राम आमचा जुना फिटर, पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं. आमच्याकडे कामगाराला मुलीच्या लग्नासाठी बिनव्याजी दोन लाख मिळतात, आलोकजींच्या वडिलांनी लावलेली पद्धत. त्याचा अर्ज माझ्या पर्समध्ये होता. क्लास संपला की शिफारस लिहून मी तो आलोकजींपुढे ठेवणार होते. "दीदी, होऊन जाईल न? मंडपवाल्याला हो म्हणू?" मी म्हटलं, "म्हण रे बाबा, काहून घाबरतो?"

तिसऱ्या दिवशी, क्लास घेणाऱ्या हेमचंद्र सरांनी नेमका हाच विषय काढला, कामगारांना दिलेलं बिनव्याजी कर्ज. दोन लाख दिले, पाच वर्षांत महिन्याच्या हप्त्यांनी परत येणार. पण बाजारात दहा टक्के व्याज चालू आहे, तर आज या कर्जाची किंमत किती? मी कॅल्क्युलेटर दाबला. एक लाख सत्तावन्न हजार! म्हणजे त्रेचाळीस हजार पहिल्याच दिवशी गायब. आणि मी मेली इतकी वर्षं पूर्ण दोन लाख दाखवत आले! अशी अठरा कर्जं आहेत आमच्याकडे.

"या फरकाचं काय करायचं, ते जेवणानंतर," सर म्हणाले.

मला कुठला धीर? नंतर ऑडिटरनं पकडलं तर? आपणच आधी सांगितलेलं बरं, हुशारी तरी दिसेल. ताटात पोळी तशीच ठेवून मी आलोकजींना दोन ओळी पाठवल्या. 'लग्नाच्या प्रत्येक कर्जावर त्रेचाळीस हजारांचं नुकसान. अशी अठरा कर्जं आहेत.'

पाच मिनिटांत उत्तर. 'अच्छा किया बताया. स्कीम आज से बंद. नोटिस लगवा रहा हूँ.'

ऑडिटरला भ्यायले आणि शालिग्रामचा अर्ज पर्समध्ये आहे हेच विसरले.

जेवणानंतर सरांनी फळ्यावर लिहिलं. "हे त्रेचाळीस हजार नुकसान नाही. हा पगार आहे. माणूस आपल्याकडे राबतो म्हणून त्याला दिलेला. पाच वर्षांत थोडा थोडा पगारात धरायचा." पोरांनी लिहून घेतलं. मला लिहवेना. अर्धाच धडा शिकून मी मोठी शहाणी झाले होते!

बाहेर जाऊन आलोकजींना फोन लावला. सगळं समजावलं, भांडले, आवाज चढला. ते शांतपणे म्हणाले, "दीदी, नुकसान कहो या पगार, जेब तो मेरी ही है न? इतने साल किसी ने बताया नहीं था, बस. स्कीम बंद ही रहेगी."

आत येऊन परीक्षा दिली. सरांनी तिथल्या तिथे तपासली. पहिला नंबर माझा. पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला रडू येत होतं.

सर्टिफिकेट हातात घेऊन सदरच्या रस्त्यावर ऑटो पाहत होते, तर शालिग्रामचा फोन. नोटीस वाचली होती त्यानं.

"मीच केलं रे ते," मी सांगून टाकलं. "माझ्याच मेसेजमुळे झालं. अर्धवट ऐकून पाठवला."

मागे कारखान्याची मशीन चालू होती.

"मंडपवाल्याला पाहतो मी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण दीदी, तुम्ही पास झाल्या न?"