विंग्जना तीन हात

गॅरेजमध्ये त्याला सगळे गरुड म्हणत. नाक तसं होतं म्हणून नव्हे, नजर तशी होती म्हणून. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसवला की त्याचा रंग बाकीच्या गाडीशी जुळवायचं काम त्याचं. उन्हात धरून, सावलीत धरून, डोळे बारीक करून तो असा रंग जुळवायचा की आपली गाडी नेमकी कुठे ठोकली होती, ते मालकालाच सापडू नये. रंगाचं प्रमाण सांगणारं यंत्र होतं तिथे, पण पोरं आधी गरुडाला विचारायची आणि मग यंत्राला. याचा परिणाम असा झाला होता, की आपल्याला जमणार नाही असं काही जगात असेल हे त्याला कुणी पटवूच शकत नसे.

म्हणून रविवारी सकाळी त्याची बायको ड्यूटीवर निघताना तो म्हणाला, "आजचे विंग्ज मी करतो." बायको दवाखान्यात नर्स होती. ती एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

"तुम्ही? अहो, आजच कशाला? मी येते की दुपारी. येऊन करून टाकीन."

"तू दमून येणार. आणि पोरगी भुकेली बसणार. कोंबडीला रंगच तर द्यायचाय."

"गरुडाने पंख शिजवायचे म्हणजे कमालच झाली," ती म्हणाली. हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "नीट करा हं. आज ती सांगणार आहे."

काय सांगणार आहे, ते दोघांनाही पक्कं माहीत होतं. लग्न दोघांचंही दुसरं. बायकोची मुलगी सोळा वर्षांची, आणि लग्न झाल्यापासून ती मावशीकडे राहत होती, इथे फक्त रविवारी जेवायला यायची. मावशीकडे का, तर तिथून कॉलेज जवळ. आता मावशीच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि ते कुटुंब महिनाअखेरीला दुसऱ्या शहरात चाललं होतं. मुलीने ठरवायचं होतं: मावशीबरोबर जायचं की आईकडे यायचं. आज संध्याकाळी मावशीचा फोन येणार होता, तेव्हा उत्तर द्यायचं कबूल झालं होतं.

मुलीचं गरुडाशी भांडण नव्हतं. असतं तर बरं, भांडण मिटवता तरी येतं. तिला तो तोंडपुजा वाटायचा, बस्स. आईने पुढ्यात काहीही ठेवलं की याचं "वा, झकास!" ठरलेलं. एकदा भात खाली लागला होता. वास घरभर, शेजारीण दार वाजवून विचारून गेली, आणि हा पहिला घास घेऊन म्हणाला, "वा, झकास!" मुलीने ताट बाजूला सारलं आणि तेव्हापासून त्याच्याशी मोजकंच बोलू लागली. पोटात एक आणि ओठांत एक असणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहायचं नाही, असं तिने मावशीला सांगितलं होतं. मावशीने ते तिच्या आईला सांगितलं आणि आईने गरुडापासून लपवलं. त्याला ते कळायचं तेव्हा कळलंच.

तर गरुडाने बाह्या सरसावल्या. कामाची सुरुवात अगदी शहाण्यासारखी केली, हे मान्य करायला हवं. विंग्ज धुतले, टोकं उडवली, सांध्यावर सुरी ठेवून एकाचे दोन केले. मग कापडाने एकेक तुकडा कोरडा करत बसला. ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. मीठ, मिरपूड आणि कॉर्नफ्लॉवरचा हलका थर म्हणजे त्याच्या मते रंगाखालचा प्रायमर. तुकडे जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडले आणि ओव्हनमध्ये सरकवले. एखाद्या मुरलेल्या स्वयंपाक्यानेही नाव ठेवलं नसतं.

घोळ झाला तो सॉसमध्ये. मुलीने आईला फोटो पाठवला होता, कॉलेजजवळच्या दुकानातल्या विंग्जचा. खाली लिहिलं होतं, "असे". जाताना आईने तो याच्या फोनवर टाकला होता. गरुडाने तो फोटो मोठा केला, खिडकीशी नेला, आडवा धरला, उभा धरला. गडद तांबडा, कडेला काळपट झाक, वर मधाची चकाकी. मग मध घेतला, टोमॅटो सॉस घेतला, व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण. रंग फिका. लाल तिखट घातलं. अजून फिका. आणखी घातलं. चमचा पांढऱ्या बशीवर टेकवून ठिपका फोटोशेजारी धरला आणि पुन्हा घातलं. शेवटी रंग असा जुळला की ठिपका कुठला आणि फोटो कुठला, ओळखू येऊ नये.

चाखला नाही का? चाखला की. पण एक गोष्ट गरुडाने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. इतकी वर्षं थिनरच्या वाफेत उभं राहून त्याच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. नाक गेलं तशी चवही गेली. जेवण म्हणजे गार की गरम, मऊ की कडक. एक तिखट तेवढं त्याला भेटायला यायचं. त्यामुळे सॉस जिभेवर ठेवल्यावर त्याला खूप दिवसांनी काहीतरी लागलं, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "जमलं!"

तेवढ्यात दार वाजलं. मुलगी लवकर आली होती.

"आई?"

"ड्यूटीवर. येईलच दुपारी. तुझे विंग्ज मी करतोय." त्याने बशी पुढे केली. "हा तुझा फोटो, हा माझा सॉस. सांग बघू फरक."

तिने बोटाला लावून चाटलं. आधी काही झालं नाही. मग तिचे कान लाल झाले, डोळे वाहायला लागले, आणि ती धावत जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिली. त्याने साखरेचा डबा आणला, दूध आणलं, पंखा लावला, आणि काय करावं ते न सुचून पंखा परत बंद केला.

"हे तुम्ही चाखलंत?" आवाज फुटल्यावर तिने विचारलं.

"चाखलं."

"आणि?"

'वा, झकास' ओठांवर आलंच होतं. गरुडाने ते गिळलं. बशीतला ठिपका हुबेहूब होता आणि तरी काम साफ चुकलं होतं. असं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि व्हायला नेमका आजचा दिवस सापडला. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. पण पोरीच्या तोंडावर थाप मारायची आणखी जास्त वाटली.

"मला चव कळत नाही," तो म्हणाला. "वासही येत नाही. रंगाच्या कामात गेलं सगळं. तुझ्या आईला माहीत नाही."

मुलगी ओल्या तोंडाने बघतच राहिली. "म्हणजे तो करपलेला भात..."

"करपला होता?"

"अहो, शेजारीण आली होती!"

"मला वाटलं, साखर मागायला आली."

तिला हसू फुटलं. ठसका आणि हसू एकत्र आल्यावर माणसाचं जे होतं ते तिचं झालं, आणि तिला खुर्चीवर बसावं लागलं. मग ती गंभीर झाली. "मग रोज झकास कशाला म्हणायचं? सांगायचं सरळ."

"ती दिवसभर दवाखान्यात उभी असते. घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहते. तिला काय सांगू, तुझं जेवण मला लागतच नाही म्हणून? मी रंग बघतो. कांदा किती परतलाय, रस्सा किती आटवलाय, सगळं दिसतं मला. मेहनत दिसते. तिला म्हणतो झकास." तो थांबला. "खोटं नाही ते."

मुलगी उठून ओट्याशी गेली. सॉसच्या पातेल्याकडे बघत राहिली. "आता हे फेकायचं?"

इथे गरुड पुन्हा गरुड झाला. "फेकायचं कशाला? रंग चुकला की त्याच डब्यात ओतत बसायचं नाही. मध घाल, सॉस घाल, करता करता बादलीभर होतं आणि चुकलेलं चुकलेलंच राहतं. नवा डबा घ्यायचा. त्यात चुकलेला घालायचा, चमचा-चमचा. कुठे थांबायचं ते..." तो अडखळला. "ते मला कळणार नाही. तू सांग."

मग नवं पातेलं आलं. मध, टोमॅटो सॉस, व्हिनेगर, सोया, लसूण, सगळं पुन्हा, फक्त तिखट नाही. गरुड त्यात जुना सॉस एकेक चमचा सोडत होता, आणि मुलगी चाखत होती. "अजून." "अजून थोडं." "आंबट हवंय जरा." "थांबा! बस्स." रंग फोटोपेक्षा फिकाच राहिला. गरुडाच्या जिवाला ते लागत होतं, पण त्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या आयुष्यात दुसऱ्याच्या शब्दावर रंग थांबवायची ही पहिलीच वेळ.

लावायचं काम मात्र त्याने कुणाला दिलं नाही. विंग्ज कुरकुरीत झाल्यावर बाहेर काढले आणि कोऱ्या ब्रशने सॉसचा पहिला हात दिला, अगदी पातळ. ओव्हनमध्ये थोडा वेळ. मग दुसरा हात, मग तिसरा. "एकदम जाड थापलं की ओघळतं आणि करपतं," तो म्हणाला.

"करपलं तर मी सांगीन," मुलगी म्हणाली, आणि दोघंही हसली.

बायको आली तेव्हा टेबलावर परात होती, आणि दोघं ओट्याशी उभी राहून तिसऱ्या हाताबद्दल वाद घालत होती. तिने चपला काढल्या. हात धुऊन बसली, एक तुकडा उचलला. वरचं कवच कुरकुरलं, आत रसरशीत, आधी गोड आणि मागून हळूच तिखट. "कुणी केलं हे?" तिने विचारलं. "यांनी," मुलगी म्हणाली. "हिने," गरुड म्हणाला. परात रिकामी होत आली, हाडांचा ढीग झाला, आणि फोन वाजला.

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, पण मावशीला दम निघाला नसावा. आईने हातातलं हाड तसंच धरून ठेवलं.

"हं, मावशी," मुलगी म्हणाली. "नाही, जेवले. विंग्ज... हो, ठरलंय. तुम्ही खुशाल जा. मी इथेच राहते." पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं. "अगं नाही, आई काही म्हणाली नाही. कुणीच नाही म्हणालं. माझं काम आहे इथे."

आई उठली आणि मुलीला मागून मिठी मारून उभी राहिली, सॉसने बरबटलेले हात हवेत धरून. गरुडाने खाली बघत रुमाल शोधला. एका खिशात नव्हता, दुसऱ्या खिशातही नव्हता.

"काय हो," बायको म्हणाली, "डोळ्यांत पाणी? तिखट लागलं का?"

"हो. जरा जास्तच झालंय."

"काही जास्त नाही," फोन ठेवत मुलगी म्हणाली. "मी चाखलंय."