झाकणाचा रकाना

माझ्या तक्त्यात आमच्या स्टीलच्या ताटांचा सगळीकडे पहिला नंबर होता. स्पर्धक दोन: प्लास्टिकचे खोके आणि उसाच्या चोथ्याच्या परदेशी प्लेटा. खर्च, मजबुती, कचरा, पुन्हा वापर, प्रत्येक रकान्यात आम्हीच वर. तरीही सामोआ बेटांच्या राजधानीतल्या, आपियातल्या, ज्या चर्चनी एकदा आमची ताटं मागवली, त्यांतल्या एकानेही ती पुन्हा मागवली नव्हती.

"तुझा तक्ता बरोबर असेल, तर गिऱ्हाईक वेडं आहे," ताविता म्हणाला. ताटं भाड्याने द्यायची ही संस्था त्याने उभी केली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे नुकतीच लागले होते. "मुलांच्या रविवारची, चर्चच्या त्या मोठ्या सणाची, ऑर्डर लितारा आंटींनी दिली नाही, तर ताटं हॉटेलला विकतो आणि दुकान बंद करतो."

लितारा आंटी म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रीणबाई. एका रविवारच्या जेवणाला ताटं वापरून बघायला त्या तयार झाल्या.

भिंतीशी उभी राहून मी कोण काय टाकतं ते टिपत होते. कोणी काहीच टाकत नव्हतं. मग आंटींनी माझ्याही हातात ताट दिलं: डुकराचं मांस, तारोचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं. चार घास खाल्ले आणि गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिलेल्या बाबांसाठी उरलेलं न्यायला, सवयीने, झाकण शोधू लागले. झाकण नव्हतंच. तारो कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये कोंबताना समोर पाहिलं, तर अख्खी रांग तेच करत होती. एका आजोबांच्या खिशातून नारळाचं दूध ठिबकत होतं.

"काय गं पेलेनीसे, संशोधन पर्समध्ये चाललं का?" आंटींनी विचारलं.

"बाबांसाठी, आंटी..."

"मग! आम्ही काय वेगळं करतोय?"

लहानपणापासून दर रविवारी मी जेवणाचा झाकणबंद खोका घेऊन घरी येत आले आहे. माझ्या तक्त्यात मात्र घराला रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ताविताला घेऊन आंटींकडे गेले. "झाकणाचे स्टीलचे डबे हवेत," मी म्हणाले.

"आणि परत कोण आणणार? तुझे बाबा?" ताविता म्हणाला. "त्यापेक्षा झावळीची टोपली दे."

"दूध गळतं तिच्यातून."

आंटी हसल्या. "कोणी किती वर्गणी दिली ते चिटणीस दर रविवारी सगळ्यांसमोर वाचतातच. त्यामागोमाग, कोणाचा डबा राहिला तेही वाचू. बघू कोण ठेवून घेतं!"

ताविताने ताटं हॉटेलला विकलीच, पण त्या पैशांतून डबे आणले. मुलांच्या रविवारी ते भरून घरोघर गेले.

पुढच्या रविवारी प्रवचन सुरू होण्याआधीच चर्चच्या दाराशी धुतलेल्या डब्यांची रास लागली. ताविता दारातच उभा होता. आत येऊन बसायचंही त्याला सुचेना. वर्गणीची नावं संपली. चिटणिसांनी चष्मा सारखा केला.

"एक डबा बाकी. पेलेनीसे."

सगळं चर्च हसलं. मी मागे वळून पाहिलं. आज गुडघे सांभाळत आलेले बाबा छताकडे बघत होते. मासेमारीचे गळ ठेवायला त्यांना तो डबा फार आवडला होता.

"ताविता," आंटींनी बसल्या जागेवरूनच हाक मारली, "नाताळलाही डबेच पाठव. आणि हिच्या घरासाठी कुलूपवाला एक दे."