अम्मींच्या वाट्याच्या गोळ्या

अब्बा, म्हणजे माझे सासरे वहाब, जेवायला बसल्या बसल्या एका बाजूला कलंडले. भर दुपारी हात गारठलेले, कपाळावर घाम. नवरा कुवेतला, घरात आम्ही दोघंच.

"चक्कर येतेय," ते म्हणाले. "सफूराच्या गोळ्यापण घेतल्या ना, म्हणून असेल."

सफूरा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा इंतकाल होऊन, त्या जाऊन महिना झाला होता. हृदयाचा आणि बीपीचा त्रास दोघांनाही. दोघांची औषधं मेडिकलवाला दर महिन्याला एकाच पिशवीतून घरी पाठवायचा. अम्मींची बंद करा, हे सांगायचं मला सुचलंच नाही. माझंच चुकलं, दुसऱ्या कुणावर ढकलू?

"त्यांच्या का घेतल्या, अब्बा?"

"तिला आता गिळता येत नाहीत. रोज म्हणते, माझ्या वाट्याच्या तुम्ही घ्या."

घाबरले होते म्हणून मी जास्तच चिडले. औषधांची पिशवी उचलली, रिक्षा थांबवली आणि तळोज्याकडे जाणाऱ्या ट्रकांमधून वाट काढत त्यांना हॉस्पिटलात नेलं.

नाडी चौतीस. डॉक्टरांनी सलाईन लावून स्ट्रिपा पाहिल्या. "आज नेमक्या किती घेतल्या? पुढचं औषध त्यावर ठरेल. लवकर सांगा." पिशवीत महिन्याभराच्या रिकाम्या स्ट्रिपा कोंबलेल्या. मी काय सांगणार, कप्पाळ?

अब्बा खाटेशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून हसले. "मोजून तीच देते. तिलाच विचार."

मॉनिटरवर एकतीस झाले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माणूस डोळ्यांदेखत चालला होता. मी स्टुलाकडे वळले आणि सासूबाई असताना कधी चढवला नव्हता असा आवाज चढवला. "अम्मी, किती दिल्या? सांगा!"

अब्बांनी कान तिकडे केला. "सहा. काल-परवाच्या राहिल्या होत्या, त्या धरून."

इंजेक्शनं दिली. नाडी अडतीस झाली, मग पंचेचाळीस, संध्याकाळी साठ. मला रडू फुटलं.

तेवढ्यात अब्बांनी डोळे उघडले. "अल्फिया, ती विचारतेय, आता माझ्या गोळ्या कोण घेणार?"

नाही म्हटलं असतं तर त्यांनीच पुन्हा घेतल्या असत्या. मी स्टुलाकडे बघितलं. "मी घेईन, अम्मी."

मेडिकलवाल्याला फोन करून अम्मींची औषधं मी त्याच दिवशी बंद केली. पण आता दुपारची जेवणं आटोपली की ओट्याशी माझ्या मागे कुणीतरी पाण्याचा पेला घेऊन उभं असतं.