शेळीच्या केसांवरची बोटं

मी एक बाहुली-शेळी बोलतेय. पोटात तारेचा सांगाडा, अंगावर खऱ्या शेळीचे केस. मॉस्कोच्या बाहुलीपटांच्या स्टुडिओत पहिल्यांदा टेबलावर उभी राहिले, त्याच दिवशी मी व्रत घेतलं होतं, माणसाची बोटं लागल्याशिवाय हलायचं नाही.

मला हलवणाऱ्या कापितोलिनाचंही व्रत तेव्हाच सुरू झालं. ईस्टरआधीचा मोठा उपवास, दूध-लोणी बंद. त्या सोव्हिएत काळात देवाधर्माचं उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ती पोट बिघडल्याचं सांगे.

"दिवसभर शेळी कुरवाळतेस आणि लापशीत दूध नको?" कॅन्टीनमधल्या बाया चिडवत. ती नुसती हसे.

मला केसभर सरकवायचं, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायचं. छपरावर चढलेल्या शेळीची दहा मिनिटांची गोष्ट, तिला अकरा महिने लागले. दर वेळी कापितोलिनाच्या बोटांनी माझे केस जरा विस्कटत. पडद्यावर ते सारखे थरथरत, जणू अंगावरून वारा जातोय. पोरं खूश!

मग मी खोक्यात गेले. पन्नासेक वर्षं. कसर लागली, एक कान गेला. हूं की चूं केलं नाही.

अलीकडे वेनियामिन नावाच्या तरुणाने ती जुनी फिल्म साफ करायला घेतली. रंग जुळवायला मला बाहेर काढलं, आणि काम संपल्यावर कापितोलिनाला बोलावलं. चौऱ्याऐंशीची झालीय ती.

पडदा उजळला. धूळ गेली होती, ओरखडे गेले होते. आणि माझे केस? काचेसारखे गुळगुळीत. मी आपणहून चालत होते! माझं व्रत असं चारचौघांत मोडावं?

"ही कुणाची शेळी?" कापितोलिनाने विचारलं.

"तुमचीच, कापितोलिना आर्काद्येव्हना. केस उड्या मारत होते, ते थांबवले. दोन महिने गेले त्यात."

"वेन्या, बाळा, ते केस नव्हते रे. माझे हात होते."

"आजकाल असली चूक खपत नाही. टीव्ही वाहिनीवाले फिल्म परत पाठवतील."

"बरं. मग हिला हात न लावता चालवून दाखव."

त्याने काडीने ढकललं. मी तोंडावर पडले. दोनदा. नेम म्हणजे नेम. मग पांढरे हातमोजे घालून आला, तर माझा पायच त्याच्या चिमटीतून निसटला.

"काढ ते मोजे! शेळी आहे ती, राजकन्या नाही."

त्याने काढले. उघड्या बोटांनी मला सरकवत अठ्ठेचाळीस चित्रं टिपली. पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. माझे केस थरथरले.

"हे मी केलं?"

"तूच. आता पुसून टाक बघू."

त्याने पुसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दोन महिन्यांचं काम उलटं फिरवलं. धूळ, ओरखडे गेले ते गेलेच ठेवले, फक्त थरथर परत आणली. वाहिनीने कळवलं, "केसांत दोष आहे." त्याने उत्तर धाडलं, "तो तसाच राहील."

वाहिनीचा अजून होकार नाही. येईल, मला भरवसा आहे. आणि नाही आला, तरी मी गुळगुळीत व्हायची नाही. उरलेला कानही गेला तरी नाही.

तुमच्याही घरी कुणाच्या हाताची खूण असेल. विणलेल्या स्वेटरातला चुकलेला टाका असेल, नाहीतर दारावर पेन्सिलीने मोजलेली कुणाची उंची. ती खूण कधीही पुसायची-सुधारायची नाही, एवढा एक नेम आज तुम्हीही धरा.