दोन मिनिटांची मोटर

मित्रांनो, होडीच्या मागे बसवतात ना, तशी मी एक जुनी मोटर आहे. माझा पांढरा रंग केव्हाच उडाला आणि झाकणाला एक मोठा पोचा आहे. वय मात्र विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी भंगारात गेल्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी चकाकत होते की बघणारा माझ्यात तोंड पाहून घेई. एका नावाड्याने मला घेतले. एकोणतीस वर्षे आम्ही तलावाच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर जात राहिलो. शिक्षिका, आजारी माणसे, एकदा तर एक चिडलेली शेळीसुद्धा माझ्या जिवावर पलीकडे गेली. "मोटर कसली, माझी धाकटी लेक आहे ही," नावाडी उतारूंना सांगे. ते ऐकून मी उगाचच जोरात पाणी कापत असे.

मग एके दिवशी त्याचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे तुटक झाले. त्याची खरी लेक शिवणयंत्रे दुरुस्त करते. तिने मला मागच्या खोलीत उभे केले आणि वर जुनी चादर टाकली. घाईत माझ्यातले पेट्रोल काढायचे तेवढे राहून गेले. चार वर्षांत ते आटून चिकट झाले. भिंतीपलीकडून लाटांचा आवाज येई आणि मी नुसती ऐकत राही.

एका सोमवारी निरोप आला. पलीकडच्या काठावर राहणारी नावाड्याची थोरली बहीण शनिवारी दुपारी मुलाकडे, दूरच्या शहरात कायमची जाणार होती. तलावाला वळसा घालून रस्त्याने जायचे तर सहा तास. नावाड्याला तेवढे बसवत नव्हते.

"बाबा, आत्याशी फोनवर बोला ना," लेक म्हणाली.

"होडी," तो म्हणाला. बस्स, एवढेच.

लेकीने चादर ओढली. मला पाण्याने भरलेल्या पिंपावर बसवले, नवा प्लग लावला, कार्ब्युरेटर उघडून सुईने साफ केला, ताजे पेट्रोल घातले. दोरी ओढताच मी गरजले! पण दोन मिनिटांत माझा जीव गेला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तीन दिवस हेच. मेकॅनिक आला, त्यानेही डोके खाजवले. "ताई, हिचं आता काही खरं नाही. भंगारात द्या."

"माझंच चुकलं," लेक पाना खाली टाकत म्हणाली. "पेट्रोल काढून ठेवलं असतं तर..."

नावाडी खुर्चीत डोळे मिटून ऐकत होता. "उपाशी," तो अडखळत म्हणाला. "उपाशी आहे... ती."

खुर्ची जवळ ओढायला लावून त्याने डाव्या हाताने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा पकडला. लेकीने दोरी ओढली. मी मंदावू लागले की तो फुगा दाबायचा आणि माझ्या पोटात घोट उतरायचा. दोन मिनिटे झाली, पाच झाली, दहा झाली. मी चालतच होते!

"अहो, मग हिचा पेट्रोल ओढणारा पंप गेलाय!" मेकॅनिक ओरडला. पंप उघडला, तर आतला पातळ पडदा वाळून फाटलेला. तसला पडदा मिळायला मात्र आठवडा लागणार होता.

शनिवारी सकाळी लेकीने दोन वल्ही होडीत टाकली आणि बाबांना जाकीट घालून माझ्याशेजारी बसवले. मला वळवायचा दांडा तिने धरला. पाऊण तास नावाडी फुगा दाबत राहिला. त्याने एकदाही हात काढला नाही.

पलीकडच्या धक्क्यावर एक वाकलेली बाई आधीच उभी होती.

"आवाजावरूनच ओळखलं मी," बहीण म्हणाली. "किती वाट पाहायला लावलीस रे, बाळ्या!"

"ताई," नावाडी म्हणाला, आणि त्याने डावा हात पुढे केला.

दुपारपर्यंत दोघे हात हातात घेऊन बसले. मग ती मुलाकडे निघून गेली.

पुढच्या आठवड्यात नवा पडदा आला. आता लेक रोज उतारू नेते आणि मी एकदाही अडत नाही. नावाडी काठावरून बघतो. त्याला आता होडीत चढणे जमत नाही. मी न थांबता धावते खरी, पण त्याच्या हातच्या त्या घोटांची सर कशालाच नाही. पलीकडे पोचताना लेक वेग जरा कमी करते आणि आम्ही दोघी रिकाम्या धक्क्याकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे थकलेले यंत्र असेल. ठेवून देताना त्याला पुसा, त्यातले पेट्रोल काढा. ते मध्येच बंद पडले तर हट्टी म्हणून टाकू नका. त्याला काय कमी पडते आहे ते कान देऊन ऐका, आणि उशीर करू नका. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असते.